रस्त्याकडे तोंड केलेलं घर : गोव्याच्या जुन्या घरांची जडणघडण

गोव्यातल्या घरविक्रीच्या जाहिरातींत एक शब्द हमखास सापडतो, ‘पोर्तुगीज घर’. पिवळ्या भिंती, पांढऱ्या पट्ट्या, दोनचार कमानी आणि दारापुढे छोटी छपरी दिसली की घर पोर्तुगीज ठरतं. खरं तर खेड्यापाड्यांतल्या या घरांत पोर्तुगीज माणूस क्वचितच राहिला. ती बांधून घेतली गोव्याच्याच जमीनदारांनी, मुख्यतः ख्रिस्ती झालेल्या बामण आणि चार्दो (क्षत्रिय) कुटुंबांनी. बांधली इथल्याच गवंडी-सुतारांनी, इथल्याच चिऱ्यात. साष्टीतल्या चांदर गावच्या प्रसिद्ध ब्रागांझा वाड्यातले लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) तर आयुष्यभर पोर्तुगीज सत्तेवर टीका करणारे पत्रकार होते. १९३० साली गोव्याच्या कौन्सिलात स्वयंनिर्णयाचा ठराव त्यांनीच मांडला. त्यांच्या घराला ‘पोर्तुगीज’ म्हणणं जरा चमत्कारिकच.

कमान, कॉर्निस (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली नक्षीदार पट्टी), भिंतीत बसवलेले अर्धस्तंभ, लोखंडी कठडे ही भाषा युरोपातून आली, यात वाद नाही. पण त्या भाषेत जे बोललं गेलं ते गोव्याचं. ते समजून घ्यायचं तर आधीचं घर डोळ्यांपुढे आणावं लागेल.

पोर्तुगीज येण्याआधी इथलं सधन घर म्हणजे चौसोपी वाडा. मधे उघडा चौक, त्याला गोव्यात राजांगण म्हणतात. राजांगणात तुळस, चारही बाजूंनी ओसरी (गोव्यात वसरी), तिच्यामागे खोल्या. बाहेरच्या भिंती जवळजवळ आंधळ्या: खिडक्या लहान, उंचावर, गज लावलेल्या. घराचं तोंड आतल्या चौकाकडे आणि रस्त्याकडे पाठ. उजेड, वारा, बायकांचा वावर, धार्मिक कार्यं, सगळं चौकाभोवती.

१५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा शहर आणि तिसवाडी घेतली. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये आले. या तीन तालुक्यांना ‘जुन्या काबिजादी’ (आधी जिंकलेले प्रदेश) म्हणतात आणि धर्मांतराचा जोर तिथेच होता. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या ‘नव्या काबिजादी’ आल्या थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती, म्हणून तिथे हिंदू वाडे जुन्या वळणाचेच राहिले. गोव्याच्या घरांचा नकाशा समजायला एवढी एक विभागणी बऱ्यापैकी पुरते. साष्टीतलं लोटली आणि फोंड्यातलं एखादं गाव यांत अंतर थोडं, पण घरांची तोंडं निराळ्या दिशांना.

धर्म बदलला तरी वाडा एका रात्रीत बदलत नाही. बदल सावकाश झाला आणि त्यामागे धाकही होता. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून होतं. १७३६ च्या त्याच्या फर्मानात लग्नातल्या गाण्यांपासून घरी तुळस लावण्यापर्यंत कितीतरी देशी रीतींवर बंदी आली. राजांगणातली तुळस गेली आणि पूजेची जागा घरात ‘ओरातोर’ने घेतली. ओरातोर म्हणजे लाकडी कोरीव देव्हारा किंवा छोटी प्रार्थनेची खोली. देवाची खोली तशीच राहिली, आतला देव बदलला. चौकही बऱ्याच ख्रिस्ती घरांत टिकून आहे, फक्त तो घराचं केंद्र उरला नाही.

केंद्र पुढच्या दिवाणखान्यात सरकलं. १७६१ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळात एक फर्मान निघालं: ख्रिस्ती देशी प्रजेला पोर्तुगिजांच्या बरोबरीचे हक्क. गोव्यात अंमलबजावणी व्हायला १७७४ उजाडलं. चर्चमध्ये, कचेरीत, लष्करात वर चढण्याची दारं उघडली. ज्याला गव्हर्नरच्या माणसांना घरी बोलवायचं आहे, त्याला मेजवानीची खोली हवी, नाचाची जागा हवी आणि हे सगळं आपल्याकडे आहे हे रस्त्यावरून दिसायला हवं. आज उभी असलेली बहुतेक भव्य घरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत, ती यामुळेच. घराने कूस बदलली आणि रस्त्याकडे तोंड केलं.

आता फाटकातून आत शिरू. फाटकाच्या खांबांवर बऱ्याचदा सिमेंटचे किंवा मातीचे सिंह, कोंबडे. समोर क्रूस असेल तर ख्रिस्ती घर, तुळशीवृंदावन असेल तर हिंदू. घर उंच जोत्यावर, कारण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि चिरा पाणी पितो. जोतं उंच म्हणून पायऱ्या आल्या आणि पायऱ्यांच्या माथ्यावर या घराची खरी ओळख: बाल्कांव.

बाल्कांव म्हणजे मुख्य दारापुढची छपरी. दोन किंवा चार खांब, वर पिरॅमिडसारखं कौलारू छप्पर आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधलेले पाठीचे कट्टे. त्या कट्ट्याला कोंकणीत ‘सोपो’ म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे सोपा म्हणजे वाड्याची पुढची ओसरी, गोव्यात तोच शब्द आकसून बसायच्या कट्ट्यापुरता राहिला. ही छपरी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधीच्या घरांना बऱ्याचदा नुसत्या पायऱ्या असत.

बाल्कांवाचं काम शोभेपलीकडचं. जुन्या वाड्यात बाहेरचा माणूस आणि आतलं घर यांच्यामध्ये ओसरी होती, ती या नव्या घरात पुढून गेली. मग भाटकार (जमीनमालक) कुळाशी बोलणार कुठे? दिवाणखान्यात घ्यायचं नाही आणि उन्हातही उभं करायचं नाही. बाल्कांवाने तो पेच सोडवला. बरोबरीचा सोप्यावर बसे, कामाचा माणूस पायरीवर थांबे आणि पायरी कितवी यालाही अर्थ होता. संध्याकाळी घरच्या बायकाही तिथे बसत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. चौकाभोवती फिरणाऱ्या आयुष्याच्या मानाने हा बदल मोठा. पुढे आगबोटींवर गेलेल्या तारवटींनी आणि मुंबई-आफ्रिकेत कमावणाऱ्यांनी गावी दोन खोल्यांची घरं बांधली, त्यांतही बाल्कांव मात्र सोडलं नाही.

बाल्कांवाच्या दोन्ही हातांना दर्शनी भिंत आणि तिच्यात खिडक्यांची एकसारखी रांग. दार मधोमध, दोन्हीकडे समान खिडक्या, मधे अर्धस्तंभ, वर कॉर्निस. खिडकीची संख्या म्हणजे घराण्याचा तोरा. चांदरच्या वाड्याला रस्त्याकडून दोन डझनांच्या आसपास खिडक्या आहेत. बऱ्याच खिडक्या जमिनीपर्यंत उतरतात आणि पुढे हातभर सज्जा, त्याला ओतीव लोखंडाचा कठडा. उभं राहून मिरवणूक बघता येईल एवढाच सज्जा. दर्शनी बाजू ही अशी नटवलेली, तर मागची बाजू साधी, कौलं खाली उतरलेली, चुलीच्या धुराने काळवंडलेली. घर खरं आहे की नव्याने बांधलेला देखावा, हे ताडायचं असेल तर मागे जाऊन बघावं.

आत पहिली मोठी खोली म्हणजे ‘साला’, दिवाणखाना. छत बारा-पंधरा फूट उंच आणि खाली लाकडी फळ्यांचं, रंगवलेलं. फळ्या आणि कौलं यांमधल्या पोकळीत गरम हवा थांबते, म्हणून खाली गारवा. (त्याच पोकळीत उंदीर आणि उदमांजरंही सुखाने नांदतात. रात्री डोक्यावर धावपळ ऐकू आली तर भूत समजू नये.) खालच्या फरशीवरून तारखेचा अंदाज येतो. चिनी बशांच्या फुटक्या तुकड्यांची नक्षी असेल तर जुनी, नक्षीदार सिमेंटच्या फरश्या असतील तर एकोणिसाव्या शतकाचा शेवट किंवा विसावं. मागच्या खोल्यांत मात्र पुष्कळ काळ शेणानेच सारवलेली जमीन होती. सालातल्या शिसवी खुर्च्या, मकावमार्गे आलेली चिनी भांडी, छताची झुंबरं हा सगळा दर्शनी थाट. त्यामागे जेवणघर, मग राजांगण, मग रांदचीकूड म्हणजे स्वयंपाकघर, विहीर, धान्याची कोठी. पुढून युरोप, मागून कोंकण, असं हे घर.

हिंदू घरांनी यातलं काही उचललं, काही नाकारलं. साखळीच्या राण्यांचा वाडा, पेडण्याच्या देशप्रभूंचा वाडा, पणजीतलं म्हामाय कामतांचं घर: राजांगण आणि देवघर आतच, पण दर्शनी बाजूला कमानी, रंगीत तावदानं, युरोपीय कठडे आले. मोठ्या हिंदू वाड्यांत एकाऐवजी अनेक चौक असतात. कुटुंब वाढलं की नवा चौक जोडायचा, अशी ही वाढ. ख्रिस्ती घर वाढलं तर दर्शनी भिंतीच्या लांबीत वाढतं. पणजीतली जुनी वस्ती फोंतेन्हास हे वेगळंच प्रकरण. तिथे शहरी घरं एकमेकांना खेटून, जागा कमी, म्हणून बाल्कांवापेक्षा वरच्या मजल्याचे सज्जे जास्त.

आता सामग्री. पहिला चिरा, म्हणजे जांभा. खाणीतून निघताना तो कुदळीने कापता येतो. उघड्यावर राहिला की त्यातली लोहद्रव्यं घट्ट होतात आणि दगड कडक होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत घालत नाहीत, काही दिवस वाऱ्यावर ठेवतात. आज यंत्राने कापलेला चिरा साधारण १४–१५ इंच लांब, ९ रुंद आणि ७ उंच, वजन तीस किलोच्या घरात. जुन्या भिंती दोन फूट किंवा त्याहून जाड आणि बहुतेक ठिकाणी चिऱ्यांमधला सांधा चुन्याचा नसून लाल मातीचा. हे वाचून घाबरू नये. माती कोरडी राहिली की शंभर-दोनशे वर्षं भार घेते. ती कोरडी ठेवणं हे गिलाव्याचं काम. गिलावा म्हणजे भिंतीचं इरलं.

तो गिलावा चुन्याचा. चुना समुद्र-खाडीतल्या शिंपल्या भट्टीत भाजून काढलेला. पाण्यात विझवून काही आठवडे भिजत ठेवावा, जितका मुरेल तितका बरा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, बऱ्याचदा गुळाचं पाणी. थर अर्ध्या इंचाहून जाड नको आणि आधीचा थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही. भर उन्हात केला तर भेगा पडतात, पावसात केला तर धुपतो. दिवाळी ते शिमगा हा त्याचा हंगाम. काम चालू असताना भिंत रोज हलकी शिंपडत राहावी.

वरचा रंगही चुन्याचाच, दुधाइतका पातळ, तीन-चार हात. त्यात मातीचे रंग: काव (लाल), पिवडी (पिवळी), शिवाय नीळ. चुन्याच्या क्षारात बरेच रंग मरतात, मातीचे टिकतात, म्हणून गोव्याच्या भिंती याच दोन-तीन रंगांत दिसतात. पांढरा शुभ्र रंग चर्चचा, घर रंगीत आणि कडा-कॉर्निस पांढऱ्या, असा संकेत पडला. पावसाळ्यात शेवाळ चढतं, म्हणून दर पावसानंतर रंग द्यायची रीत.

तिसरी वस्तू सगळ्यात सुंदर: शिंपल्यांच्या खिडक्या. तावदानाची काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हा खाडीत मिळणाऱ्या एका चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोन कापून तावदानं केली. शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश काळातल्या घरांनाही हेच शिंपले आहेत. लाकडी पट्ट्यांना खाच पाडायची आणि त्या खाचांत चौकोन वरून सरकवत, कौलांसारखे एकावर एक किंचित चढवत न्यायचे. आत येतो तो उजेड दुधाळ असतो, झळ नाही, बाहेरचं काही दिसत नाही आणि बाहेरच्यालाही आतलं दिसत नाही. जुन्या वाड्याच्या आंधळ्या भिंतीची राखण आणि नव्या खिडकीचा उजेड, दोन्ही एकदम. दुरुस्ती किचकट: मधला एक शिंपला फुटला तर वरचे सगळे काढावे लागतात. आणि हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, खाडीतून काढता येत नाही. म्हणून मोडक्या जुन्या झडपांमधले शिंपले जपून ठेवावेत, भंगारवाल्याला खिडकी देऊ नये.

छपराचा इतिहास छोटा. आधी हाताने घडवलेली नळीची कौलं. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या प्लेब्स्टने मंगळुरात कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. म्हणजे घर अठराव्या शतकातलं असलं तरी आज दिसणारं मंगळुरी छप्पर त्याहून पुष्कळ नवं. जुन्या छपरांचा चढ मात्र काही ठिकाणी टिकला आहे. मडगावचं ‘सात शिखरांचं घर’ पाहा. प्रत्येक मोठ्या खोलीवर स्वतंत्र, उंच, चारी बाजूंनी उतरणारं छप्पर. सातांपैकी तीन उरली आहेत.

मंगळुरी कौल साधारण ४१ सेंमी लांब, साडेतेवीस रुंद. चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात, म्हणजे शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास धरावीत. रिपांमधलं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर साडेबारा इंचांच्या जवळपास, पण कारखान्यागणिक बदलतं. कौल हातात घेऊन माप काढल्याशिवाय रिपा ठोकू नयेत. अर्धा इंच चुकला तर कौलाचा दात रिपेवर बसत नाही आणि पहिल्या वादळी पावसात पाणी मागे ढकललं जातं. जुन्या छपरात नवी कौलं मिसळताना हीच चूक होते.

घर बिघडतं कुठून? पहिला शत्रू सिमेंट. चुन्याचा गिलावा जुना झाला, सुटायला लागला, की कंत्राटदार ‘पक्कं’ म्हणून सिमेंट मारतो. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढतेच. चुन्यातून ती उडून जायची, सिमेंट तिला अडवतं. मग ओल आणखी वर चढते, दोन-तीन फुटांवरून पाच फुटांवर. आतल्या बाजूने रंगाला फोड येतात, पांढरं मीठ फुटतं. सांध्यातली माती मऊ होते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात. घरमालक पुन्हा सिमेंट मारतो. उपाय उलटा आहे: सिमेंट काढायचं, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यायची, मग चुना. काढताना घाई केली तर सिमेंटबरोबर चिऱ्याचे टवके निघतात, म्हणून छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरावी. सिमेंटवर प्लास्टिकचा रंग दिलेला असेल तर दुखणं दुप्पट.

दुसरी जागा म्हणजे राजांगणाच्या पन्हळी. चौकाच्या चारही कोपऱ्यांत दोन पाख्यांचं पाणी एकत्र येतं, म्हणजे भर पावसात सर्वात जास्त पाणी सर्वात नाजूक सांध्यावर. तिथल्या पत्र्याला एक भोक पडलं तर खालचा वासा दोन-तीन पावसाळ्यांत संपतो. चौकातलं पाणी जोत्याखालच्या मोरीतून बाहेर जातं. ती मोरी माती-पाल्याने तुंबली तर पाणी उलट खोल्यांत. घर बघायला गेलात तर बादलीभर पाणी चौकात ओता आणि ते बाहेर कुठे निघतं ते बघा.

तिसरी वाळवी. ऐन (गोव्यात माट्टी), फणस, साग ही लाकडं तशी चिवट, पण वाळवीला ओल लागते आणि ओल वरच्या दोन कारणांनी मिळते. वाशाला नुसतं बघू नका, भिंतीजवळच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत सहज गेला तर रंगाखाली भुसा आहे. मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी, छप्पर शाकारायची जुनी शिस्त यासाठीच: फुटकी कौलं बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, आढ्यावरच्या कोन्यांचे सांधे तपासायचे. घर बंद राहिलं की हे होत नाही.

आणि घरं बंद राहतात त्याचं कारण बहुधा कागदावर असतं. १९६१ नंतर कूळकायदे आले, १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या आवारात घर करून राहणाऱ्यांना, म्हणजे मुंडकारांना, संरक्षण मिळालं, भाटकारांचं शेतीचं उत्पन्न आटलं. चाळीस खोल्यांचं घर ज्या खंडावर चालायचं तो खंडच गेला. त्यात गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा: मुलगे-मुली सगळ्यांचा वाटा आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी. न्याय्य आहे, पण तीन पिढ्यांत एका घराचे चाळीस मालक होतात. निम्मे लिस्बन, टोरांटो, मुंबईत. छपरावर खर्च करायला कोणी एक तयार होत नाही, कारण घर एकाचं नाही. चांदरच्या वाड्याचेही याच रीतीने दोन भाग झाले, दोन घराणी, एकच दर्शनी भिंत.

म्हणून असं घर घ्यायचं असेल तर कौलं मोजण्याआधी वारस मोजावे. ‘इन्व्हेंतार’ची (वारस आणि मालमत्ता नोंदवून वाटणी करण्याची) कारवाई झाली आहे का, वाटणीपत्रात कोण कोण आहे, विवाहित मालकाबरोबर त्याच्या जोडीदाराची सही आहे का आणि आवारात मुंडकाराचं घर आहे का, हे चार कागद आधी बघायचे.